व्हिएन्नाच्या बाळंतिणी आणि आमची थोरली आजी

आमच्या घरात थोरल्या आजीचे नाव सहसा कोणी काढीत नसे. आजोबांची ती पहिली बायको. बाळंत झाल्यावर नवव्या दिवशी तापाने गेली. पाचवीच्या दिवशी तिने उंबरा ओलांडला म्हणून असे झाले, असे वडीलधारी माणसे सांगत. मीही ते खरेच मानीत आले. माझी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते. तिने एक जुनी हकिकत मला वाचून दाखविली. मी सातवी शिकलेली. उमजले तेवढे सांगते.

व्हिएन्ना शहरातील मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टरीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. भरतीचे दिवस आळीपाळीने. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा ११ बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात शेकडा ३ सुद्धा नाहीत. शहरातल्या बायकांना हे पक्के ठाऊक होते. पहिल्या विभागाचा वार आला की त्या गुडघे टेकून, हात जोडून विनवीत, पण आम्हांला तिकडे नको. काहींची तर वाटेतच सुटका होई आणि नवल असे, की त्यांना हा ताप कमी येई!

तिथे इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर होता. कोणी म्हणे हवा बिघडली, कोणी म्हणे गर्दी झाली. पण गर्दी तर सुइणींकडेच जास्त! मरणाऱ्या बाईपाशी पाद्री घंटा वाजवीत जाई, त्या धसक्याने बायका दगावतात, असेही एक मत होते. (आमच्या उंबऱ्याचाच भाऊ म्हणायचा.) सेमेलवाइसने ती घंटा बंद करविली. सुइणींकडे होत तशी बाळंतपणे बाईला कुशीवर निजवून केली. ताप हटेना.

१८४७ साली त्याचा एक डॉक्टर मित्र प्रेत चिरताना विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून वारला. त्याच्या देहात बाळंतिणींसारखीच लक्षणे दिसली. तेव्हा उलगडा झाला. डॉक्टर आणि विद्यार्थी प्रेते चिरून त्याच हातांनी बाळंतिणींना तपाशीत. साबणाने हात धूत, पण हातांचा वास जात नसे. सुइणी प्रेते चिरीत नसत. मे महिन्यापासून त्याने सर्वांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. १८४८ साली पहिल्या विभागातले मृत्यू शेकडा सव्वावर आले, म्हणजे सुइणींच्या बरोबरीला.

पण पुष्कळ मोठ्या डॉक्टरांना हे रुचले नाही. आपल्याच हातांनी बायका मेल्या, हे कबूल कोण करणार? १८६५ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात वारला.

वाचून झाल्यावर मी मुलीला थोरल्या आजीची गोष्ट सांगितली. ती उंबऱ्याबद्दल काहीच बोलली नाही. तिने विचारले, "आई, त्या वेळी सुईण हात धुऊन आली होती का गं?"

ते सांगायला आता घरात कोणी उरलेले नाही.