तराजू आणि दार : बुद्धिबळपटूंच्या गुणांकनाचा इतिहास

१/ १९५० साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजेच ‘फिडे’ने, पहिल्या २७ ग्रँडमास्टरांची नावे जाहीर केली. त्या यादीत मीर सुलतान खान नव्हते. पंजाबच्या या खेळाडूने १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली होती आणि हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवले होते. यादी निघाली तेव्हा ते हयात होते. त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला तो २०२४ मध्ये, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

२/ त्याच यादीत एफिम बोगोल्युबोव यांचेही नाव नव्हते. १९२९ आणि १९३४ अशा दोन वेळा ते जगज्जेतेपदासाठी अलेखिन यांच्याशी लढले होते. त्यांना झालेला विरोध पटावरच्या खेळामुळे नव्हता, तर नाझी राजवटीशी असलेल्या संबंधांमुळे होता. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, त्यांना किताब देण्यात आला. दोघांच्या बाबतीत एक गोष्ट समान होती : खेळाडूची योग्यता ठरवण्याचा अधिकार काही मोजक्या माणसांच्या मताकडे होता.

३/ धावपटूची योग्यता घड्याळ सांगते. बुद्धिबळात असे घड्याळ नाही. येथे एकट्या खेळाडूचे बळ दिसतच नाही. ते कोणाच्या तरी विरुद्ध बसल्यावरच दिसते. म्हणून राष्ट्रीय संघात कोणाला घ्यावे, कोणता किताब कोणाला द्यावा, हे निर्णय दीर्घकाळ समित्यांच्या स्मरणशक्तीवर आणि मर्जीवर अवलंबून राहिले. ज्याच्या पाठीशी कोणी वजनदार माणूस नसे, त्याचे विजय सहज विसरले जात.

४/ यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९५० मध्ये केनेथ हार्कनेस यांची पद्धत स्वीकारली. स्पर्धेतील प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांकनाची सरासरी काढायची; निम्मे गुण मिळवणाऱ्याची कामगिरी त्या सरासरीइतकी मानायची; त्यावरच्या प्रत्येक टक्क्यामागे १० अंक वाढवायचे. पद्धत सोपी होती, पण तिच्यात खोट होती. सरासरी १४०० असलेल्या स्पर्धेत २२०० च्या खेळाडूने सर्व डाव जिंकले, तरी त्याची कामगिरी १९०० चीच भरे. म्हणजे एकही डाव न गमावता तो खाली ओढला जाई.

५/ ही खोट दूर केली आर्पाद एलो यांनी. १९०३ मध्ये हंगेरीत जन्मलेले एलो बालपणीच अमेरिकेत आले, मिल्वॉकी येथील मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि विस्कॉन्सिन राज्याचे अजिंक्यपद त्यांनी आठ वेळा पटकावले. पटाची नजर आणि प्रयोगशाळेची शिस्त अशा दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे होत्या.

६/ एलो यांची मूळ कल्पना अशी : गुणांकन हे बक्षीस नसून भाकीत आहे. दोन खेळाडूंमध्ये २०० अंकांचा फरक असेल, तर वरचढ खेळाडूने सुमारे ७६ टक्के गुण मिळवावेत. फरक ४०० चा असेल, तर सुमारे ९१ टक्के. दहा डावांत ७.६ गुण अपेक्षित असताना त्याने सहाच मिळवले, तर उणे पडलेल्या १.६ ला ठरावीक गुणकाने गुणायचे. गुणक १० असेल, तर त्याचे १६ अंक कमी होतात. दुबळ्याला हरवून थोडेच मिळते, बलवानाला रोखून पुष्कळ मिळते.

७/ अमेरिकेने ही पद्धत १९६० मध्ये स्वीकारली आणि फिडेने १९७० मध्ये. परिणाम दूरगामी झाला. दूरच्या गावातल्या, ओळखपाळख नसलेल्या खेळाडूच्या हाती आता असा आकडा होता, जो समितीला दुर्लक्षिता येत नव्हता. स्वतः एलो मात्र या आकड्याबद्दल फार नम्र होते. पाण्यावर हेलकावणाऱ्या बुचाची जागा वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या मोजपट्टीने मोजावी, तसे हे मोजमाप आहे, अशा आशयाची उपमा ते देत.

८/ या गणिताच्या मुळाशी एक अट आहे, आणि ती सहसा कोणी उच्चारत नाही. गुणांकन हे केवळ परस्परांशी खेळणाऱ्यांच्या वर्तुळापुरते खरे असते. दोन वर्तुळे एकमेकांशी खेळतच नसतील, तर एकीकडचे २२०० आणि दुसरीकडचे २२०० यांची तुलना निरर्थक ठरते. सूत्र अचूक असले, तरी वर्तुळ बंद असेल तर उत्तर चुकते.

९/ याचे अक्षरशः भिंतींनी वेढलेले उदाहरण म्हणजे क्लॉड ब्लडगुड. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या तुरुंगात जन्मठेप भोगणाऱ्या या कैद्याने इतर कैद्यांशी हजारो डाव खेळले. ते सारे नोंदवले जात होते. १९९६ मध्ये त्यांचे अमेरिकी गुणांकन २७०२ वर पोहोचले आणि नामांकित ग्रँडमास्टरांना मागे टाकून हा आयुष्य तुरुंगात गेलेला खेळाडू देशाच्या यादीत दुसरा आला. बेरीज-वजाबाकी कुठेच चुकली नव्हती. चुकले होते ते एवढेच, की त्या वर्तुळात बाहेरचे कोणी येत नव्हते.

१०/ काही वर्तुळे भिंतींनी नव्हे, तर रूढीने बंद झालेली असतात. १९७६ मध्ये मुंबईच्या तेरा वर्षांच्या रोहिणी खाडिलकर भारताच्या पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरल्या. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही कन्या राष्ट्रीय विजेत्या झालेल्या, पण मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत खेळण्यावरून गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि निकाल रोहिणी यांच्या बाजूने लागला. फिडेचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही स्पष्ट केले की, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही.

११/ हा लढा केवळ प्रतिष्ठेचा नव्हता. ज्या खेळाडूला बलवान प्रतिस्पर्धी मिळतच नाहीत, तिचा आकडा वर चढणार कसा? दहा वर्षांनी फिडेलाच हा प्रश्न भेडसावला. स्त्रिया बहुतांशी स्त्रियांशीच खेळतात, म्हणून त्यांचे गुणांकन वास्तवापेक्षा कमी राहते, असा निष्कर्ष निघाला. जानेवारी १९८७ च्या यादीत जवळजवळ सर्व महिला खेळाडूंना सरसकट १०० अंक वाढवून देण्यात आले.

१२/ अपवाद एकच होता : हंगेरीच्या सुझान पोल्गार. त्या प्रामुख्याने पुरुषांशी खेळत असल्याने त्यांचे गुणांकन आधीच योग्य आहे, असे कारण देण्यात आले. गणिताच्या दृष्टीने युक्तिवाद असंबद्ध नव्हता. परंतु फळ असे मिळाले की, बंद वर्तुळाबाहेर पडण्याचे धाडस जिने केले, तिनेच महिलांच्या यादीतील पहिले स्थान गमावले आणि माया चिबुर्दानिद्झे वर गेल्या. वर्तुळे एकत्र करण्याऐवजी आकड्याला ठिगळ लावले की असा अन्याय होतो.

१३/ बक्षिसांनी दुसरेच दुखणे निर्माण केले. ‘अमुक गुणांकनाखालील’ खेळाडूंसाठी स्वतंत्र बक्षिसे ठेवण्याचा हेतू चांगलाच होता. पण अमेरिकेत या गटांची रक्कम वाढली, तसे काही जण किरकोळ स्पर्धांत मुद्दाम हरून गुणांकन खाली ठेवू लागले आणि मोठ्या बक्षिसाच्या वेळी दुबळ्यांच्या गटात शिरू लागले. अखेर खेळाडूच्या सर्वोच्च गुणांकनावरून एक तळ ठरवावा लागला, ज्याच्या खाली त्याचा आकडा घसरत नाही.

१४/ निवडीचेही तेच. मार्च २०२२ मध्ये सर्गेई कारयाकिन यांच्यावर बंदी आली आणि कँडिडेट्स स्पर्धेतील एक जागा रिकामी झाली. वर्षभरात किमान ३० डाव खेळलेल्यांपैकी सर्वाधिक गुणांकन असणाऱ्याला ती मिळणार होती. चीनचे डिंग लिरेन यांचे डाव होते फक्त चार. चीनने घाईघाईने स्पर्धा भरवल्या, अट पूर्ण झाली आणि २०२३ मध्ये हेच डिंग जगज्जेते झाले. त्याच वर्षाअखेरीस फ्रान्समध्ये अलिरेझा फिरुजा यांच्यासाठी असेच सामने योजले गेले, तेव्हा फिडेने ते गुणांकनासाठी ग्राह्य धरले नाहीत. २०२६ च्या कँडिडेट्ससाठी एका यादीऐवजी सहा महिन्यांची सरासरी आली.

१५/ समितीच्या मर्जीपेक्षा आकडा बरा, हे सुलतान खान यांच्या उपेक्षेवरून कळते. पण आकडा मोजतो फक्त झालेले डाव. जे डाव होऊच दिले नाहीत, त्यांची नोंद त्याच्याकडे नसते. म्हणून गुणांकनाचा न्याय सूत्रापेक्षाही, कोणाला कोणासमोर बसू दिले जाते यावर अधिक अवलंबून असतो.

१६/ जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुख यांनी महिला विश्वचषक जिंकला. स्पर्धेत त्यांना पंधरावे मानांकन होते. ग्रँडमास्टर होण्यासाठी एरवी २५०० गुणांकन आणि तीन नॉर्म लागतात. दिव्या यांच्याकडे तेव्हा त्यातले काहीच नव्हते. तरीही विश्वचषक जिंकणारीला थेट किताब देण्याचा नियम होता, आणि त्या ग्रँडमास्टर झाल्या. यादीने पंधरावी ठरवलेली खेळाडू पटावर पहिली आली, कारण तिला तिच्या वरच्या सर्वांसमोर बसता आले.