धनी नसलेली झाडे

अलिबागेच्या किनाऱ्यावरून समोर कुलाबा किल्ला दिसतो. आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे म्हणून आपण तो मुलांना कौतुकाने दाखवतो. मला मात्र तो पाहिला की झाडे आठवतात. आरमार म्हटले की लाकूड आले, आणि लाकूड म्हटले की कुणाच्या तरी झाडावर कुऱ्हाड आली.

ही गोष्ट रामचंद्रपंत अमात्यांनी ओळखली होती. १७१५ च्या सुमाराच्या त्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणीच झाडांचा विचार आहे. साग वगैरे परवानगीने तोडावा, अधिक लागेल ते बाहेरून विकत आणावे. पण आंब्याफणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षादोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले, तर धन्याला राजी करून, मोल देऊनच ते तोडावे.

या आज्ञेचे सारे बळ ‘धनी’ या शब्दात आहे. वाडीतल्या माडापोफळीला धनी असतो. रस्त्याकडेच्या वडापिंपळासाठी रडणार कोण? तारेला लागली म्हणून फांदी जाते, गटारासाठी खणताना मूळ तुटते, आणि फरसबंदी थेट बुंध्याला भिडते.

१९७५ साली महाराष्ट्राने शहरांतल्या झाडांसाठी कायदा केला, तो जणू या पोरक्यांना पालक नेमून देण्यासाठीच. नगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण आले. त्याच्या परवानगीवाचून झाड तोडायचे नाही आणि दर ५ वर्षांनी झाडांची गणती करायची, असे ठरले. २०२१ साली त्यात भर पडली. ५० वर्षांचे किंवा त्याहून जुने झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरले, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी रोपे लावणे आले. ६० वर्षांच्या वडाबदली ६० रोपे! हिशेब चोख, पण सावली मिळायची ती नातवंडांना. अमात्यांचे म्हणणे तरी दुसरे काय होते?

त्याआधीच, ३ जून २०२० रोजी, ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. मुरुड-श्रीवर्धनकडच्या वाड्या आडव्या झाल्या, रस्त्यांवर झाडे कोसळली. वादळ कुणाला चुकत नाही, हे खरे. पण मुळे तोडलेले झाड त्यापुढे कसे तग धरणार?

कागदावरचा पालक गणती करील, परवानगी देईल वा नाकारील. बुंध्याभोवती हातभर माती मोकळी ठेवा, असे खणणाऱ्याला अडवून सांगणारा मात्र त्या आळीतलाच कुणी हवा. दारासमोरच्या झाडाचे धनीपण आपण घेतले, तर अमात्यांची आज्ञा आजही पाळता येईल.