टॅपेट कव्हर : तेलगळती आणि चिकटलेले झाकण काढणे

टॅपेट कव्हर म्हणजे चारचाकीच्या इंजिनात सिलिंडर हेडवर बसणारे झाकण. रॉकर कव्हर किंवा व्हॉल्व्ह कव्हर या नावांनीही ते ओळखले जाते. त्याच्याखाली रॉकर, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि अनेक इंजिनांत कॅमशाफ्टही असतो. त्यांच्यावर उडणारे तेल बाहेर जाऊ नये आणि बाहेरची धूळ आत शिरू नये, यासाठी ते असते. अँबॅसडरच्या १४८९ घनसेंमी पेट्रोल इंजिनावर ते पोलादी पत्र्याचे होते. खाली कॉर्कचे पॅकिंग आणि वर दोन नट, एवढ्यावर ते बसे. पुढे ॲल्युमिनियमची ओतीव आणि मग प्लॅस्टिकची झाकणे आली, त्यांबरोबर खाचेत बसणारे रबरी पॅकिंग आले.

या झाकणाखालचे तेल पंपाच्या दाबाखाली नसते, ते नुसते उडते आणि खाली ओघळते. म्हणून गळती थांबवायला बोल्ट करकचून आवळावे लागतात ही समजूत चुकीची आहे. गळती होते ती उष्णतेने पॅकिंग कडक आणि चपटे झाल्यामुळे. दुसरे कारण ब्रीदरचे. पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेला वायू ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडायला हवा. नळी काजळीने तुंबली की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि तेल सर्वांत कच्च्या सांध्यातून बाहेर येते. ब्रीदर साफ न करता नुसते पॅकिंग बदलले, तर तीच गळती पुन्हा सुरू होऊ शकते.

तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ठिबकले की गाडी थांबल्यावर जळका वास येतो. प्लगच्या विहिरीत उतरले तर इंजिन मिसिंग करते. मागच्या कडेने ओघळलेले तेल मात्र फसवे: ते गिअरबॉक्सच्या तोंडाशी जमते आणि क्रँकचे मागचे सील गेले असे वाटते. त्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे आधी इंजिन धुऊन, थोडे चालवून, गळतीचा माग वरून खाली काढणे शहाणपणाचे.

झाकण निघत नसेल, तर पहिला संशय राहून गेलेल्या बोल्टवर घ्यावा. वायरिंगच्या क्लिपखाली किंवा ब्रॅकेटच्या आड एखादा दडलेला असतो. त्यानंतर पाळी येते आधीच्या दुरुस्तीत सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉन सीलंटची; झाकण खरोखर चिकटते ते बहुधा यामुळेच. प्लगच्या नळ्यांभोवतीची जुनी सीलही झाकण धरून ठेवतात.

इंजिन गार असताना प्लगच्या विहिरी हवेने फुंकून घेतात. नाहीतर प्लग काढताच कचरा सिलिंडरमध्ये जातो. कॉइल, वायरी, ब्रीदरची नळी सोडवून बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडेथोडे सैल करतात. मग रबरी किंवा लाकडी हातोडीने झाकणाच्या जाड कोपऱ्यांवर आडवे ठोके देतात. तेवढ्याने सुटले नाही, तर सीलंट असलेल्या कोपऱ्यात पातळ पाते सपाट सरकवून तो कापतात आणि पुन्हा ठोकतात. प्लगची सील धरून बसली असतील, तर इंजिन थोडे कोमट केल्याने रबर सैलावते. ज्योत मात्र लावू नये, कारण खाली तेलाची वाफ असते. पेचकस घालून उचकटणे हा झटपट उपाय सर्वांत महाग पडतो. ॲल्युमिनियमच्या हेडवर आडवा ओरखडा गेला, तर नव्या पॅकिंगखालूनही तेलाला वाट मिळते, आणि प्लॅस्टिकचे झाकण तर सरळ तडकते. काही झाकणांना उचकटण्यासाठी मुद्दाम कान ठेवलेले असतात. जोर लावायचाच तर तिथे.

जुने पॅकिंग काचेच्या बांगडीसारखे कडकडा मोडते. त्याचे आणि सिलिकॉनचे तुकडे आत पडले तर तेलपंपाची जाळी तुंबते. तेल परतण्याच्या भोकांत चिंध्या कोंबून प्लॅस्टिकच्या खरवडणीने जागा साफ करतात, आणि त्या चिंध्या आठवणीने काढतात. पॉलिश पेपर किंवा यंत्राची घासचकती इथे नको. त्यांची कच तेलातून बेअरिंगपर्यंत पोचते. पत्र्याचे झाकण बोल्टच्या भोकांपाशी आत दबलेले असते. ते सपाट लोखंडावर ठेवून ठोकून सरळ करतात.

रबरी पॅकिंग कोरडेच बसवतात. सीलंटचा लहानसा ठिपका लागतो तो फक्त सांध्यांच्या कोपऱ्यांत, म्हणजे कॅमची टोपी हेडला मिळते तिथे किंवा अर्धगोल रबरी बुचाच्या कडांना. बोल्ट मध्यातून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत आवळतात. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, पण त्या इंजिनाच्या पुस्तकातला आकडा अंतिम. अधिक जोर दिला की ॲल्युमिनियममधले आटे जातात. सीलंट वापरला असेल, तर तो ट्यूबवर लिहिलेल्या वेळेपर्यंत सुकू देऊन मगच इंजिन सुरू करतात. कॉर्कचे पॅकिंग दबत जाते, म्हणून इंजिन तापून गार झाल्यावर नट एकदा पुन्हा हलकेच आवळतात. रबरी पॅकिंगला त्याची गरज नसते.