बंबातील चुना

कलबुरगी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत खजुरी हे गाव आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा त्या वेळचा गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि शेजारचा उमरगा तालुका मुंबई राज्यात. ही रेषा भूगर्भाला अर्थातच ठाऊक नाही. दोन्ही अंगांस तोच काळा कातळ, तीच काळी माती आणि त्या मातीत तेच चुनखडीचे पांढरे खडे. विहिरींची पारख करण्याची जुनी रीतही एकच. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते ते हलके, ज्यात ती आडमुठेपणा करते ते जड. शालेय पुस्तकांनी पुढे यांनाच सुफेन आणि दुष्फेन अशी नावे दिली. परंतु साबणाच्या फेसाने दिलेला हा निवाडा डाळीने फार पूर्वीच दिला होता.

पावसाचे पाणी मुळात हलकेच असते. जमिनीत मुरताना ते हवेतील व मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू शोषून किंचित आम्ल बनते, आणि खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम आपल्याबरोबर घेऊन निघते. पाण्याचा खडकाशी सहवास जितका दीर्घ, तितके हे ओझे सामान्यतः अधिक. डाळीच्या पेशींना सांधून ठेवणारे द्रव्य या कॅल्शियमने अधिकच घट्ट होते आणि डाळ कच्ची राहते.

खडक बदलला की पाणी बदलते, याचा दाखला याच मुलुखात आहे. बहमनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली. गुलबर्गा काळ्या कातळावर, तर बिदर जांभ्याच्या पठारावर. जांभ्यातील चुना पावसाने युगानुयुगे धुऊन नेलेला असल्यामुळे त्यातून झिरपणारे पाणी पुष्कळ हलके असते. राजधानी हलविण्यास राजकारण कारण झाले असेल. तरी नगर वसविणाऱ्यांनी पाण्याकडे पाहिलेच नसेल, असे मानणे कठीण आहे. बिदरनजीक नौबाद येथे जमिनीखालून खोदलेला करेझ, म्हणजे ठिकठिकाणी उभी विवरे असलेला इराणी पद्धतीचा जलबोगदा, अद्याप पाहावयास मिळतो. जांभा पाणी मुरू देतो, त्याखालचा कातळ ते अडवून धरतो, हे जाणून केलेले हे काम आहे. बिदरच्या नानक झिऱ्याची आख्यायिकाही हेच सुचविते. सोळाव्या शतकाच्या आरंभी गुरू नानक तेथे आले, तेव्हा लोकांनी खाऱ्या विहिरींचे गाऱ्हाणे सांगितले आणि त्यांनी पायाने दगड सारताच गोड्या पाण्याचा झरा फुटला, अशी श्रद्धा आहे. गोडे पाणी सापडले ते दगडाखाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

जड पाण्याची खरी किंमत मात्र वाफेच्या यंत्राने मोजली. मुंबईहून निघालेली आगगाडी सोलापूर, गुलबर्गा, वाडी असे टप्पे घेत १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या मार्गास मिळाली. वाटेतला शहाबाद–वाडीचा प्रदेश तर उघड्या चुनखडीचाच; घरोघरची शहाबादी फरशी तिथलीच. असे पाणी तापले की त्यातील वायू निघून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन धातूला चिकटतो. या थरातून उष्णता नीट जात नाही. परिणामी कोळसा अधिक जळतो, आतील नळ्या भाजून निकामी होतात. म्हणून इंजिनाचे बाष्पपात्र वारंवार धुवावे लागे. ॲबर्डीनचे रसायनशास्त्रज्ञ टॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये यावर उपाय काढला होता. पाण्यात चुन्याची निवळी मिसळावयाची, म्हणजे आतला चुना तळाशी बसतो. काट्याने काटा काढण्याचाच हा प्रकार.

घरात वाफेचे यंत्र नव्हते, पण तांब्याचा बंब होता. त्याच्या मधल्या नळीत निखारे पेटत आणि नळीच्या बाहेरून, पाण्याच्या बाजूने, चुन्याचे पांढरे पुट चढे. बंब बाहेरून चिंचेने लखलखीत घासला जाई. आतले पुट कोणास दिसत नसे. पाणी तापावयास उशीर होऊ लागला की दोष सरपणाला दिला जाई. बोलणी बहुधा सुनेने खाल्ली असतील.

तोवर पाणी उथळ आडातले होते. १९७२ च्या दुष्काळाने आड कोरडे पडले आणि विंधनविहिरींचे युग वेगाने सुरू झाले. पुढे देशभर पोहोचलेल्या ‘इंडिया मार्क दोन’ या हातपंपाचा पूर्वज सोलापूरचाच. कातळाच्या खोल भेगांत दीर्घकाळ साठलेले पाणी आता वर आले. तहान भागली, हे उपकार थोर. पण हेच पाणी विजेच्या पंपाने टाकीत आणि टाकीतून नळात येऊ लागले, तेव्हा नळाचे पाणी म्हणजे हलके पाणी ही समजूत खोटी ठरली. भीमा-अमरजेच्या संगमावर, गाणगापुरास, स्नान करणाऱ्याला साबणाचा जो फेस सहज मिळतो, तो विंधनविहिरीच्या नळाखाली मिळेलच असे नाही. १९५९ मध्ये भारतात आलेल्या ‘सर्फ’सारख्या कृत्रिम चुऱ्यांनी जड पाण्यातही फेस दिला आणि निदान धुण्यापुरता हा प्रश्न झाकला.

विजेच्या गीझरने तो पुन्हा उघडा केला. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसल्यास सहाशेपर्यंत चालवून घ्यावी, असे भारतीय मानक सांगते. तथापि हे माप घशाचे आहे, यंत्राचे नव्हे. प्रकृतीस चालणारे पाणी गीझरच्या सळईस चालतेच असे नाही. थराखाली कोंडलेली उष्णता सळईलाच जाळते. पाणी उकळीपर्यंत न नेता बेताचेच तापविले तर थर सावकाश धरतो, हा साधा उपाय बंबाच्या काळीही होता. परंतु हिवाळ्यात तो कोण पाळणार?

दुरुस्तीवाला अशी सळई बाहेर काढतो, तेव्हा तिच्यावर शेतातल्या चुनखडीसारखीच पांढरी, खडबडीत साल असते. तिच्यावर लिंबू पिळले की फसफस होते. त्या बुडबुड्यांत असतो तो कार्बन डाय-ऑक्साइड वायूच.