महाकाय सागरी प्राण्यांचे जलांतर्गत छायाचित्रण : प्रकाशसाधनांच्या निवडीचा इतिहास (१८९३ ते २०१९)

प्रस्तावना :
समुद्रातील महाकाय प्राण्यांविषयीचे ज्ञान दीर्घकाळ किनाऱ्यावर वाहून आलेली कलेवरे आणि जाळ्यात सापडलेले नमुने यांवर आधारलेले होते. जिवंत प्राणी त्याच्या अधिवासात पाहावयाचा, तर कॅमेऱ्याबरोबर प्रकाशही पाण्याखाली नेणे क्रमप्राप्त होते. मात्र जो प्रकाश प्राणी दाखवितो तोच त्याला विचलितही करतो. या पेचातून प्रकाशसाधनांची निवड कशी बदलत गेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१) पाण्यातील प्रकाशाच्या मर्यादा :
पाणी तांबडा प्रकाश काही मीटरांतच शोषून घेते. निळा प्रकाश सर्वाधिक खोल जातो. दिव्याचा प्रकाश प्राण्यापर्यंत जाताना व कॅमेऱ्याकडे परतताना असा दोन वेळा क्षीण होतो. शिवाय पाण्यात तरंगणारे कण उजळून चित्र गढूळ होते. लहान माशाच्या अगदी जवळ जाता येते. परंतु पंधरा मीटर लांबीचा देवमासा चौकटीत मावण्यासाठी मागे सरावे लागते आणि तेथपर्यंत फ्लॅशचा प्रकाश पुरत नाही. त्यामुळे पृष्ठभागालगतच्या देवमाशांसाठी सूर्यप्रकाश हेच मुख्य साधन राहिले. कृत्रिम प्रकाशाची खरी कसोटी लागली ती सूर्यकिरण न पोहोचणाऱ्या खोलीत.

२) अधिक प्रकाशाचा शोध :
फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बूताँ यांनी १८९३ मध्ये बान्यूल्स येथे जलांतर्गत छायाचित्रणाचे प्रयोग केले. प्राणवायूने भरलेल्या पिंपावर स्पिरिटचा दिवा बसवून त्याच्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड फुंकण्याची योजना त्यांनी वापरली. १८९९ मध्ये पाण्यात उतरविलेल्या विजेच्या कमानी दिव्यांच्या साहाय्याने सुमारे ५० मीटर खोलीवर छायाचित्र घेण्यात आले. १९२६ मध्ये विल्यम लॉंग्ली व चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळ पहिली रंगीत जलांतर्गत छायाचित्रे घेतली. त्यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडविला. या प्रयोगांतील एका अपघाती स्फोटात लॉंग्ली भाजले. पुढे हॅरोल्ड एजर्टन यांच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशमुळे हा धोका टळला आणि १९५३ पासून कुस्तो यांच्या सहकार्याने ते तंत्र खोल समुद्रात पोहोचले. या सर्व टप्प्यांत निवडीचा निकष एकच होता : कॅमेऱ्याला किती प्रकाश हवा.

३) महाकाय स्क्विड : निकषातील बदल :
महाकाय स्क्विडचा डोळा सुमारे २७ सें.मी. व्यासाचा असतो. अंधारातील अतिमंद प्रकाश टिपणाऱ्या अशा डोळ्यासमोर प्रखर दिवा नेणे कितपत योग्य, हा प्रश्न येथे उभा राहतो. ३० सप्टेंबर २००४ रोजी त्सुनेमी कुबोदेरा व क्योइची मोरी यांनी जपानच्या ओगासावारा बेटांजवळ, स्पर्म देवमाशांच्या वावराच्या परिसरात, ९०० मीटर खोलीवर आमिष व ठरावीक अंतराने चमकणारा फ्लॅश असलेला कॅमेरा सोडला. त्यातून पाचशेहून अधिक छायाचित्रे मिळाली. जिवंत महाकाय स्क्विडची त्याच्या अधिवासातील ही पहिली छायाचित्रे होत. मात्र त्याचा एक स्पर्शक गळात अडकला होता आणि चार तासांहून अधिक काळ तो सुटण्यासाठी झगडत होता. फ्लॅशमुळे मुक्त प्राणी पळतो की थांबतो, हे त्यावरून ठरविता येत नाही.

२०१२ मध्ये त्याच परिसरात एडिथ विडर यांनी वेगळी निवड केली. खोल समुद्रातील बहुतेक प्राण्यांना तांबडा प्रकाश दिसत नाही. म्हणून त्यांच्या ‘मेडुसा’ या कॅमेऱ्यावर गडद तांबडे दिवे होते, आवाज करणारे पंखे नव्हते आणि आमिष म्हणून जेलीफिशच्या निळ्या चमकीची नक्कल करणारे उपकरण होते. परिणामी मुक्तपणे वावरणारा स्क्विड चलचित्रात टिपता आला. १८ जून २०१९ रोजी मेक्सिकोच्या आखातात ७५९ मीटर खोलीवर याच पद्धतीला पुन्हा यश आले. या निवडीची किंमतही होती. तांबडा प्रकाश पाण्यात फार दूर जात नाही. त्यामुळे अतिसंवेदनशील कॅमेरा आवश्यक ठरला आणि रंगांवर पाणी सोडावे लागले.

निष्कर्ष :
प्रकाशसाधनाची निवड ही केवळ तांत्रिक बाब नाही. मिळणारा पुरावा कोणत्या प्रतीचा असेल, हे तीच ठरविते. २००४ च्या छायाचित्रांनी प्राण्याचे अस्तित्व आणि अडकल्यावरची त्याची धडपड नोंदविली, तर २०१२ च्या चित्रणाने त्याचे मुक्त वर्तन. म्हणूनच सागरी छायाचित्राचा अभ्याससाधन म्हणून उपयोग करताना ते कोणत्या प्रकाशात घेतले, ही नोंद स्थळ व दिनांकाइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.