अक्कलदाढेची शस्त्रक्रिया

हिरडीत अडकलेली तिसरी दाढ काढण्याची शस्त्रक्रिया. ही दाढ साधारणतः 17 ते 25 या वयात येते. जबड्यात जागा नसली की आडवी रुतते, हिरडी सुजते.

केवळ जागा बधिर करून दाढ काढायची असेल, तर उपाशीपोटी जाऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, रक्तदाब यांविषयी आधीच सांगावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत. दूरच्या मोठ्या रुग्णालयात जाणाऱ्याने सोबत माणूस न्यावा.

दाढ निघाल्यावर खळग्यात काळपट लाल, मऊ गुठळी धरते. जखमेचे खरे झाकण तेच. म्हणून कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरावा, दिवसभर थुंकू नये, चूळ भरू नये, नळीने पिऊ नये. लाळ गुलाबी दिसली तरी घाबरू नये. गुठळी निसटली, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. तंबाखू आणि मशेरी याला मोठे कारण. कोकणात अनेक बायका मशेरी लावतात, त्यांना हे आवर्जून सांगायला हवे.

पहिल्या दिवशी गालावर बर्फाचा शेक, तांदळाची गार पेज. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या चुळा. रक्त थांबत नसेल, ताप आला किंवा गिळणे जड झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.