शैत्योपचाराची कथा

इ. स. १८१२ सालीं नेपोलियनची सेना रशियांतून परतत असतां शस्त्रवैद्य लॅरे यांस दिसलें कीं, शेकोटीलगतचे जखमी शिपाई थंडींत राहिलेल्यांच्या आधीं दगावत. पुढें १९३८ सालीं फिलाडेल्फियाच्या डॉ. टेंपल फे यांनीं कर्करोग्याचें शरीर बुद्ध्याच थंड केलें व नंतर मस्तकाच्या दुखापतींवरही तोच उपाय योजिला. शरीर गारठलें म्हणजे मेंदूची प्राणवायूची गरज घटते, हें त्यांतील मर्म. २००२ सालीं युरोप व ऑस्ट्रेलियांतील प्रयोगांत, बंद पडलेलें हृदय पुन्हां चालूं झालेल्या रोग्यांस ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवल्यानें लाभ दिसला. परंतु २०२१ च्या मोठ्या प्रयोगांत, ताप आवरण्याहून शैत्यानें अधिक जीव वांचले नाहींत. रक्तवाहिनी बुजून होणाऱ्या पक्षाघातांत तर हा उपाय अद्यापि सिद्ध नाहीं. उलट कांपरें व फुप्फुसदाह यांचें भय असतें. तेथें गुठळी सत्वर विरघळविणें किंवा काढणें हेंच श्रेयस्कर. म्हणून बर्फ शोधण्यांत घटका दवडूं नये. रोग्यास तत्काळ रुग्णालयीं न्यावें.